आबांचे बिल्ले आणि कॅम्पातले चाचा

जुनी लष्करी मेडलं साफ करून, नवी रिबन लावून, नीट फ्रेम करून देणारं पुण्यात कोण आहे, असं मी दोन महिने विचारत होते. सगळ्यांनी मला ट्रॉफीवाल्यांचे पत्ते दिले. पेठेतल्या एका ट्रॉफीवाल्याने मेडल हातात घेऊन खालीवर केलं आणि म्हणाला, "सोन्याचं पाणी चढवून देतो मावशी, चकाचक दिसेल." मी मेडल परत पर्समध्ये टाकलं आणि पायऱ्या उतरले. कोणाला माझ्यासारखी अडचण असेल तर वेळ वाचावा म्हणून हे लिहितेय.

शेवटी काम झालं ते कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटच्या मागच्या बाजूला एका गल्लीत. मिलिटरी टेलरचं दुकान आहे. सात बाय दहाची खोली, दारात शिलाई मशीन, भिंतीवर पितळी बटणांच्या पट्ट्या, आणि एका लाकडी खणात रिबनांची रिळं. नाव मुद्दामच टाकत नाही, कारण चाचांनीच बजावलं: हाताखाली एकच पोरगा आहे, कामं आधीच तुंबलीत. गल्लीत शिरून 'मेडलवाले चाचा' विचारा, कोणीही दाखवेल. गाडी मात्र लांब लावून या.

मी काय घेऊन गेले होते ते सांगते. माझ्या आजोबांची, म्हणजे आबांची, दुसऱ्या महायुद्धातली दोन मेडलं आणि डिस्चार्जचा कागद. एक 'वॉर मेडल', त्याच्या मागे ड्रॅगनवर उभा असलेला सिंह. दुसरं 'इंडिया सर्व्हिस मेडल', त्याच्या मागे अखंड हिंदुस्थानचा नकाशा. दोन्हींच्या पुढच्या बाजूला सहावा जॉर्ज. ही मेडलं आजवर आत्याकडे होती. ती त्यांना बिल्ले म्हणते आणि दर वर्षी तेरा एप्रिलला चिंच-राख लावून घासते, म्हणजे दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवता येतात. पन्नासेक वर्षं घासून घासून राजाचं नाक सपाट झालंय. एकाची रिबन उंदरांनी खाल्ली, दुसऱ्याची मीच लहानपणी बाहुलीच्या पदराला लावली होती.

चाचांनी आधी टेबलावर एक मऊ फडकं पसरलं, त्यावर मेडलं ठेवायला लावली आणि नाकाकडे बघून विचारलं, "ताई, हे घासलं कोणी?"

मी आत्याचं नाव सांगितलं नाही. "घरातल्यांनी," म्हटलं.

"ह्याला घासायचं नसतं हो. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, बस्स. आता जे गेलं ते गेलं."

मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. वॉर मेडलच्या कडेवर बारीक अक्षरं ठोकलेली असतात: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. चाचा अंगठ्याने मेडल एकेक अक्षर पुढे सरकवायचे, वाचायचे, पावतीपुस्तकात उतरवायचे आणि पुन्हा सरकवायचे. मला राहवेना. मी एकोणतीस वर्षं आरएमएसमध्ये, म्हणजे पोस्टाच्या रेल्वे टपाल सेवेत, सॉर्टिंग केलंय. पुसट शिक्के, पावसात भिजलेले पत्ते, उलटं लिहिलेलं पिनकोड, हे वाचण्यातच जन्म गेला. भिंगाशिवाय वाचून दाखवलं. आबांचं नाव धोंडीबा. कडेवर आहे 'सिपॉय डोंडी'. बापाचं नाव नाही, आडनाव नाही. असं पाकीट माझ्या खणात आलं असतं तर मी ते अपुरा पत्ता म्हणून बाजूला टाकलं असतं. पण नंबर होता आणि शेवटी पलटणीचं नाव होतं, 'महार', म्हणून बरोबर माणसाला पोचलं.

चाचांनी एक गंमत सांगितली. दुसऱ्या महायुद्धाची मेडलं विलायतेच्या गोऱ्या शिपायांना कोरी मिळाली, कडेवर काही नाही. हिंदुस्थानी शिपायांच्या मेडलांवर मात्र नावं ठोकून दिली. त्यामुळे आज लंडनच्या पठ्ठ्याचं मेडल कोणाचं ते कळत नाही आणि आमच्या डोंडीचं कळतं. एवढ्या एका बाबतीत आम्ही साहेबाच्या पुढे.

नंतर त्यांनी डिस्चार्जचा कागद मागितला, हुद्दा आणि पलटण ताडून बघायला. मी तो कागद शंभर वेळा पाहिला होता. गाव, तालुका पुरंदर, जिल्हा पुणे, उंची, अंगावरची खूण, आणि मध्येच एक रकाना, 'क्लास'. ही काही शाळेतली इयत्ता नव्हे. पुढे टाइप केलंय: महार.

त्या दिवशी चाचा भिंगातून बघत होते आणि मी नुसतीच बसले होते, म्हणून मला तो रकाना पहिल्यांदा नीट दिसला. ह्याच शब्दामुळे आबांच्या वडिलांना भरतीतून हाकललं, आणि ह्याच शब्दामुळे आबांना आत घेतलं.

आबांचे आजोबा मुंबई इलाख्याच्या फौजेतून पेन्शन घेऊन सासवडजवळ गावी आले होते. त्यांना लिहितावाचता यायचं, कारण पलटणीत शाळा होती. त्यांच्या मुलाने, म्हणजे आबांच्या वडिलांनी, त्याच वाटेने जायचं ठरवलं तेव्हा वाट राहिलीच नव्हती. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली. 'लढवय्या जाती' नावाचं एक खूळ तेव्हा साहेबांच्या डोक्यात होतं. उत्तरेकडचे उंचेपुरे ते लढवय्ये, दक्षिणेकडचे नाहीत. १८८५ ते १८९३ सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सचा त्यावर गाढ विश्वास. शिवाय पलटणीतल्या तुकड्या जातवार करायच्या ठरल्या, मग अस्पृश्यांना बसवायचं कुठे? ज्या सरकारने कोरेगावच्या खांबावर 'नाक' शेवटी लागणारी नावं कोरली, त्याच सरकारने त्या नावांच्या नातवंडांना तुम्ही लढाऊ नाही म्हणून सांगितलं.

नोकरी गेली, तिच्याबरोबर पेन्शन गेली आणि पलटणीची शाळाही गेली. आबांचे वडील अंगठा लावायचे. आजोबा वाचणारे आणि मुलगा अंगठेबहाद्दर, असं आमच्या घरात उलटं झालं ते त्या एका हुकमामुळे.

आणि मग अर्ज सुरू झाले. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः फौजेतले पेन्शनर, यांनी १८९० च्या दशकात अर्ज केला. आपल्या पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी सासवडला महारांची सभा भरवली, अर्ज केला. १९१० मध्ये तर थेट विलायतेला भारतमंत्र्याकडे अर्ज पाठवला. मागणी साधी होती, फौजेत घ्या, पोलिसांत घ्या. त्याने भरती काही उघडली नाही. उघडली ती पहिल्या महायुद्धाने. माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये '१११ महार' ही पलटण उभी केली. लढवय्या-बिनलढवय्याची भानगड तेवढ्यापुरती कोणाला आठवली नाही. युद्ध संपलं, १९२१ मध्ये पलटण मोडली. आठवण परत आली.

दुसऱ्या युद्धात पुन्हा तेच, फक्त या वेळी दाराशी बाबासाहेब उभे होते. १९४१ च्या जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या नॅशनल डिफेन्स कौन्सिलवर गेले. महारांची वेगळी पलटण हवी हे त्यांनी लावून धरलं. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात पहिली महार बटालियन निघाली, पुढच्या वर्षी कामठीला दुसरी. सुरुवातीला टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा खांब होता. आबा १९४२ मध्ये बेळगावला भरती झाले आणि तिथून वायव्य सरहद्दीवर गेले. ब्रह्मदेश नाही, आफ्रिका नाही, म्हणून तारा-आकाराचं मेडल त्यांना मिळालं नाही. मी लहानपणी यावरून हिरमुसले होते.

आता कोणी म्हणेल, इंग्रजांनी दिलं. मला ते पटत नाही. पोस्टात आम्ही म्हणायचो, मनीऑर्डर येते ती फॉर्म भरणाऱ्यामुळे, पोस्टमनमुळे नव्हे. फॉर्म भरून पन्नास वर्षं झाली होती.

हे सगळं मी चाचांना बडबडले. बिचाऱ्याला बटणं टाकायची होती. ऐकून घेतलं आणि उठून मागच्या फळीवरून बिस्किटांचा डबा काढला. त्यातून दोन मेडलं फडक्यावर शेजारी-शेजारी ठेवली. दोन्ही पहिल्या महायुद्धाची, 'ब्रिटिश वॉर मेडल'. पुढे पाचवा जॉर्ज. मागे घोड्यावर बसलेला उघडानागडा स्वार, घोड्याच्या टापेखाली गरुडाची ढाल आणि एक कवटी, बाजूला १९१४ आणि १९१८. साचा तोच, आकार तोच. पण एक चांदीचं आणि दुसरं तांबूस, ब्राँझचं.

"फरक काय, सांगा," चाचा म्हणाले.

मी तांबूसची कडा वाचली. लेबर कोअर.

म्हणजे असं, की बंदूक धरणाऱ्याला चांदी आणि बाहेरून आणलेल्या, फावडं धरणाऱ्याला ब्राँझ. चांदीची पासष्ट लाखांच्या आसपास निघाली, ब्राँझची एक लाख दहा हजारांच्या आसपास. ब्राँझ गेलं चिनी, हिंदुस्थानी, माल्टाच्या मजुरांना. १९१७ मध्ये फ्रान्सला हिंदुस्थानातून जवळपास ५०,००० मजूर नेले, त्यात नागा होते, लुशाई (मिझोरामकडचे) होते, संथाळ होते. नागा टेकड्यांत, जे फ्रान्सला जातील त्यांना घरपट्टी माफ करण्याचं आमिष होतं. मणिपूरच्या कुकींनी माणसं द्यायला नकार दिला, तर १९१७ ते १९१९ त्यांच्यावरच फौज घातली. घरपट्टी माफ आणि घरं जाळणं, दोन्ही एकाच कारणासाठी, एकाच साली. आणि फ्रान्स पाहून आलेल्या नागांनी गावात स्वस्थ बसावं तर तेही नाही. १९१८ मध्ये कोहिमाला नागा क्लब निघाला आणि १९२९ मध्ये त्यांनी सायमन कमिशनला निवेदन दिलं. पुन्हा अर्जच. मला हे वाचताना कांबळे आठवतात.

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तर आपल्या काळ्या मजुरांना ब्राँझसुद्धा दिलं नाही. त्यांचं 'मेंडी' नावाचं जहाज २१ फेब्रुवारी १९१७ ला इंग्लिश खाडीत बुडालं, सहाशेवर माणसं गेली, तरी नाही.

ते तांबूस मेडल चाचांनी जुन्या बाजारात, मंगळवार पेठेत, भंगाराच्या ढिगातून तांब्याच्या भावाने उचललेलं. मी विकत मागितलं. "नाय ताई, ह्याचं घर सापडलं तर द्यायचंय," म्हणाले आणि डबा बंद केला. चांदीचं विकायला तयार होते.

आणखी एका ठिकाणी चाचांनी मला गप्प केलं. आमच्या घरात एक लाडकी गोष्ट आहे, आबा सांगायचे, फौजेत जात नव्हती, सगळे एका पंगतीला. मी ती शाळेच्या गॅदरिंगमध्येही सांगितलीय. चाचांना सांगितली तर त्यांनी सुई थांबवली. "अहो, पलटणच महारांची ना? मग पंगतीला दुसरं कोण येणार?"

खरंच की. साठ वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. सरकारने वाड्याचं दार उघडलं नव्हतं, वाड्याला एक वेगळी खोली काढून दिली होती. तीही थोडीथोडकी नव्हे, त्या खोलीतून आबांना अक्षरओळख मिळाली, आणि त्यामुळे माझ्या वडिलांना शाळा. पण खोली वेगळीच. आबा १९४६ ला गावी आले तेव्हा विहीर जुनीच होती आणि गावकीची कामंही. पाटलाने निरोप धाडला की मढ्याचा सांगावा घेऊन शेजारच्या गावाला जा. आबा गेले, खाकी चड्डीवरच गेले, असं आत्या सांगते. वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. त्याआधी १९५६ ला घरच बौद्ध झालं.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो, फ्रेमचे अर्धे पैसे त्याचे. त्याला फोनवर ही पंगतीची गोष्ट सांगितली तर म्हणाला, मावशी, इथेही तेच. काळ्या सैनिकांच्या तुकड्या महायुद्धभर वेगळ्या. त्या मोडायचा ट्रुमनचा हुकूम निघाला २६ जुलै १९४८ ला. जपानी वंशाच्या कुटुंबांना १९४२ मध्ये तारेच्या कुंपणात कोंबलं आणि १९४३ मध्ये त्याच कुंपणाच्या आतून पोरं भरती करून इटलीत लढायला पाठवली. आई-बाप आत, पोरगा आघाडीवर. मी म्हटलं, पत्र कुठल्या पत्त्यावर घालत असतील रे? सवय जात नाही.

असो. आता कामाबद्दल, कारण लोक तेच वाचायला येतात.

चाचांनी दहा दिवस सांगितले, लागले सव्वीस. फोन उचलत नाहीत. पोरगा उचलतो आणि 'उद्या' म्हणतो. उद्या म्हणजे कधीही. पहिल्यांदा घ्यायला गेले तेव्हा मेडलांचा क्रम उलटा लावलेला होता. छातीवर लावताना वॉर मेडल आधी आणि इंडिया सर्व्हिस मेडल त्याच्यानंतर, म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या हाताला वॉर मेडल हवं. पोरग्याने अदलाबदल केली होती. मी दाखवलं तर आधी वाद घातला, मग भिंतीवरचा तक्ता बघून गप्प झाला. चाचांनी जादा पैसे न घेता पुन्हा करून दिलं, पण तोंड पाडून. काचेच्या आतल्या बाजूला एक अंगठ्याचा ठसा राहिला होता तोही पुसून घेतला. त्यामुळे घेताना उजेडात धरून बघा, लाजू नका.

काम मात्र सुरेख. रिबन बरोबर रुंदीची, रंग बरोबर. वॉर मेडलची लाल-निळी-पांढरी, दुसऱ्याची गडद आणि फिकट निळ्या पट्ट्यांची. मेडलं चिकटवलेली नाहीत, मागून टाके घालून बसवलीत, उद्या काढायची तर निघतील. फ्रेम खोलगट, काच मेडलाला टेकत नाही. मूळ कागद फ्रेममध्ये घालायला त्यांनी साफ नकार दिला. उजेडाने शाई उडते, रंगीत झेरॉक्स लावा, मूळ सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा, म्हणाले. दुसरा कोणी असता तर आहे तो कागद चिकटवून मोकळा झाला असता. एकूण ३,२०० रुपये झाले, त्यात फ्रेम आली. पावती हाताने लिहिलेली, अक्षर मोत्यासारखं.

फ्रेम घेऊन रिक्षाने खडकीला परत येताना मी वॉर सिमेटरीपाशी उतरले. रोजचा रस्ता, पण आत गेले होते ती शाळेच्या सहलीत. हिरवळ एवढी नीट की चप्पल काढावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी इथे आहेत, पहिल्या युद्धातल्या अठराशेच्या वर नावांचं स्मारक आहे. आणि आफ्रिकेतून ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी आणलेल्या, पण इकडेच कुठे कुठे वारलेल्या जवळजवळ २०० पूर्व आणि पश्चिम आफ्रिकी सैनिकांचंही एक स्मारक आहे. ती नावं मी सवयीने ओठ हलवत वाचली. या लोकांची नावं दगडावर आली हे नशीबच म्हणायचं, कारण पहिल्या युद्धातल्या कितीतरी आफ्रिकी आणि हिंदुस्थानी मृतांचं तसं झालं नाही. ह्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थच्या आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच कबूल केलं की किमान १,१६,००० माणसं, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी किंवा अजिबातच कुठे नोंदली गेली नाहीत. माफीही मागितली. शंभर वर्षं उशिरा आलेलं रजिस्टर पत्र. मांडीवरच्या कागदी पिशवीत 'डोंडी' होता. चुकीचा का होईना, होता.

एक गोष्ट राहिली. फ्रेम ठरवताना चाचांनी कागदाची झेरॉक्स मापाला लावून बघितली आणि म्हणाले, मधून घडी घातली तर चांगली बसेल, नाहीतर फ्रेम मोठी लागेल, चारशे रुपये जास्त. घडी बरोबर 'क्लास'च्या रकान्यावर येत होती. मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "घाल ना घडी, ताई. आपण आता ते नाही. ते नाव कशाला भिंतीवर? पोरांचे मित्र येतात घरी." त्याचंही खोटं नाही. त्या नावापायी त्याने हॉस्टेलवर काय काय सोसलंय ते मला ठाऊक आहे. चाचा कागद धरून उभे, पोरगा टेप धरून उभा. मी म्हटलं, मोठी करा. भाऊ आठवडाभर बोलला नाही, आता बोलतो.

फ्रेम आत्याच्या घरी लावली, बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली. आत्याला आता नीट दिसत नाही. तिने काचेवरून हात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला, कडेने बोट घालून बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "अगं, मग आता तेरा तारखेला घासायचं कसं?"